गोडाऊनशिवाय गाडी

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.४०

आजपासून काल्पनिक शहर बंद.

सात वर्षं मागच्या खोलीत जमिनीवर तोच ठोकळ्यांचा टाऊन हॉल, तेच हॉस्पिटल, तीच बेकरी. ज्या शहरात आपण कधी पाय ठेवला नाही तिथली बेकरी बांधून मिळवलं काय? आता काहीतरी खरं. आपली कंपनी. गेटपासून डिस्पॅचपर्यंत पंपांचा अख्खा कारखाना, आणि त्यातून धावणारी गाडी. चार आठवड्यांत पूर्ण. रोज सकाळी सहा ते आठ. आज पहिला दिवस म्हणून सहा चाळीस.

नियम केले. घरात 'खेळणी' हा शब्द वापरायचा नाही. 'मॉडेल' म्हणायचं, फार तर 'ठोकळे'. मागच्या खोलीत विचारल्याशिवाय झाडू न्यायचा नाही. रोजनिशी रोज लिहायची (हा नियम माझ्यासाठी).

हिला वाचून दाखवले. ही म्हणाली, बरं. मुलगी म्हणाली, मग माझं अभ्यासाचं टेबल कुठे ठेवू? म्हटलं, कॉलेजात गेलीस आता, अभ्यास कुठेही होतो. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ही चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर तपासते. घरात मात्र दृष्टी असलेला माणूस मी एकटाच.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस लिहायला फुरसत नाही, इतकं काम. टाऊन हॉल मोडला. मोडल्यावर वाईट वाटलं म्हणून पुन्हा बांधला. काल परत मोडला.

अडचण: कारखाना करडा आहे. माझ्याकडे करडे ठोकळे एकशे बारा. लाल-पिवळे पोतंभर. तेव्हा कारखाना लाल-पिवळा. मुलगी म्हणाली, बाबा, हे सर्कससारखं दिसतंय. तिला प्रमाण कळतं, रंग कळतो, सगळं कळतं, फक्त बापाचं मन कळत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

सगळ्यात आधी गोडाऊन बांधलं. साहजिक आहे. बावीस वर्षं गोडाऊन इन्चार्ज आहे मी. कारखान्यात येणारा एकूणएक नट, बोल्ट, मोटर, कास्टिंग आधी माझ्याकडे येतं आणि मग माझ्या चिठ्ठीवर पुढे जातं. गोडाऊन म्हणजे कारखान्याचं पोट. बाकी सगळे हातपाय.

आत माणसं बसवली. मी: टाय आणि हातात कप. (टाय मी वापरत नाही, पण टायशिवायच्या माणसांत एकच शिल्लक होता आणि त्याला समुद्री चाच्यासारखी डोळ्यावर पट्टी होती.) लेजरताई: एकोणीस वर्षं माझ्या हाताखाली रजिस्टरं लिहिताहेत, म्हणून हे नाव. अंबाडा असलेली बाई मिळाली नाही. अग्निशमन दलाचं हेल्मेट घातलं. पैलवान: माल उचलतो. अंगाने काडी, म्हणून पैलवान. त्याला दोन्ही हातांत एकेक खोकं दिलं, तर तो तोंडावर पडतो. एक खोकं काढलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

ताईंना मोबाईलवर फोटो दाखवला. त्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, हेल्मेट कशाला, कुठे आग लागलीय? पैलवानने विचारलं, मी एकच खोकं का उचलतोय, मोठे साहेब काय म्हणतील? कलेची कदर नाही. तरी दोघांनी तो फोटो मागून घेतला.

१५ फेब्रुवारी, रविवार

गाडी चालली! साडेतीन डबे. (चौथ्याला एकाच बाजूला चाकं आहेत.)

खऱ्या कारखान्यात गाडी नाही, ट्रॉल्या आहेत हे मला मान्य. पण ट्रॉली ढकलताना बघण्यात काय आनंद? म्हणून माल गाडीने. गाडी गेटातून येते, गोडाऊनला वळसा घालते, रूळ बदलायच्या सांध्यावर थांबते, उलटी येऊन मागच्या दाराने आत शिरते, माल उतरतो, चिठ्ठी होते, गाडी तशीच बाहेर पडते, पुन्हा सांध्यावर थांबते आणि मग मशीन शॉपकडे. अगदी जसं घडतं तसं.

सांध्यावर पाच वेळा घसरली. सहाव्या वेळी इंजिन थेट हॉस्पिटलात (अजून मोडलेलं नाही). मला खात्री आहे, कोणीतरी इथे झाडू फिरवलाय. हिला विचारलं. म्हणाली, झाडू फिरवला असता तर इतके कोळी दिसले असते का?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

महत्त्वाचा दिवस. नीट लिहितो.

नवे प्लँट मॅनेजर महिन्यापूर्वी आले. बारीक आवाज, स्वच्छ बूट, कधी कोणावर ओरडत नाहीत. आज गोडाऊनमध्ये राउंडला आले असता मी मोबाईल उलटा ठेवायला विसरलो आणि त्यावर गाडीचा व्हिडिओ चालू होता. वाटलं, झालं. साहेबांनी मोबाईल उचलला, पूर्ण व्हिडिओ पाहिला, परत पाहिला आणि म्हणाले, "वा."

बावीस वर्षांत या कंपनीत मला कोणी 'वा' म्हटलेलं नाही.

मग विचारलं, हा आपला प्लँट ना? हे गोडाऊन? गाडी इथे का थांबते? मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावून ऐकलं. ताई रजिस्टरातून डोकं वर काढून बघत होत्या. मला जरा अवघडल्यासारखं झालं, त्यांच्यासाठी. कौतुक एकाचंच होतं तेव्हा बाकीच्यांना लागतं.

१ मार्च, रविवार. संध्याकाळी ६

साहेब घरी आले! स्वतः, गाडी चालवत, हातात खोकं. खोक्यात इंजिन. हिरवं, पुढे दिवा, रिमोटवर चालणारं. खोकं मी दातांनी फाडलं, असं ही नंतर म्हणाली. कात्री सापडत नव्हती.

साहेब मागच्या खोलीत दीड तास होते. मांडी घालून जमिनीवर बसले. एवढा मोठा माणूस! मोबाईलवर घड्याळ लावून त्यांनी गाडीची फेरी मोजली. गेट ते डिस्पॅच, चार मिनिटं वीस सेकंद. मग म्हणाले, "समजा, गोडाऊन नसतं तर?"

मी म्हटलं, साहेब, त्यात काय, आत्ता दाखवतो. गोडाऊन अखंड उचललं (खालची प्लेट वेगळी ठेवली होती, ही माझी दूरदृष्टी), रूळ सरळ जोडले, नव्या इंजिनाला सोडलं. एक मिनिट पाच सेकंद! एकदाही घसरली नाही. साहेब आनंदाने हसले. मीही हसलो. परत लावा, म्हणाले. लावलं. परत काढा. काढलं. असं चार वेळा केलं आणि चारही वेळा त्यांनी आकडे लिहून घेतले. आमच्यासारखी माणसं अशीच असतात, कशात तरी पूर्ण बुडालेली.

ते गेल्यावर ही चहाचे कप उचलत म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांना गोडाऊन काढून दाखवलंत?"

म्हटलं, हो, मग?

म्हणाली, "तुम्ही कुठे बसता?"

हिला उपमा आणि वस्तुस्थिती यांतला फरक समजावून सांगितला. ही ऐकून न घेता आत गेली. मला वाटतं हिला थोडा मत्सर वाटतोय. माझ्या छंदासाठी कोणी मोठा माणूस घरी येईल असं हिच्या स्वप्नातही नव्हतं.

३ मार्च, मंगळवार

ताईंनी विचारलं, साहेब तुमच्या घरी आले होते म्हणे? सहज काही बोलले का आपल्याकडच्या कामाबद्दल? म्हटलं, योग्य वेळी कळेल. त्यांचा चेहरा पडला. पण गुप्तता म्हणजे गुप्तता. बढतीचं बोलणं सुरू असताना हाताखालच्या माणसांशी मोकळं बोलू नये.

(बढती हा शब्द साहेबांनी वापरलेला नाही. पण इंजिन देतो का कोणी उगाच?)

१० मार्च, मंगळवार

परवा संचालक येणार. साहेब म्हणाले, मॉडेल बोर्डरूममध्ये मांडा, तुम्हीच चालवून दाखवा, तुमच्याच शब्दांत. माझ्याच शब्दांत!

टेम्पो सांगितला. सगळं नऊ तुकड्यांत. मुलीने प्रत्येक तुकड्याखाली नंबर लिहून दिले आणि घड्या घातलेल्या चादरी लावल्या. न सांगता. मग म्हणाली, बाबा, जायलाच हवं का घेऊन? हिची शिकवण. एका घरात दोन-दोन शंकेखोर.

१२ मार्च, गुरुवार. दुपारी ३

जिंकलो.

शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो. पाच संचालक, साहेब, एचआरच्या मॅडम. कोपऱ्यात एक पोरगेलासा माणूस कॅमेरा लावून. मी निळा शर्ट. सुरुवातीला अडखळलो, मग सुटलो. गाडी गोडाऊनसकट फिरवली. सांध्यावर थांबली तेव्हा एका संचालकांनी घड्याळ बघितलं. मग मी म्हणालो (अगदी असंच म्हणालो, पाठ केलं होतं): "आता हे गोडाऊन काढलं की बघा, गाडी कशी सुटते!" आणि दोन्ही हातांनी उचललं. टक्. गाडी सूं करून डिस्पॅचला.

टाळ्या. खऱ्या टाळ्या. सगळ्यात म्हातारे संचालक उभे राहिले आणि म्हणाले, मला एकदा चालवू द्या. रिमोट त्यांच्या हातात दिला. लहान मूल झाले हो ते! त्यांनी विचारलं, आतली ही माणसं? मी म्हटलं, ती बाजूला ठेवू सध्या. खिशात टाकली.

सगळे जेवायला गेले. मला कोणी बोलावलं नाही, गडबडीत राहिलं असणार. मी मॉडेलपाशी थांबलो. कोणीतरी थांबायला हवंच होतं. सुटं गोडाऊन हरवायला नको म्हणून माझ्या पिशवीत ठेवलं.

१४ मार्च, शनिवार

हिने शर्ट धुवायला घेतला. खिशातून टायवाला, हेल्मेटवाली आणि पैलवान काढून ओट्यावर ओळीने उभे केले. विचारलं, ही कोण?

म्हटलं, गोडाऊनची माणसं. प्रेझेंटेशनमध्ये जागा नव्हती.

हिने नळ सोडला. हिला काहीतरी सुचवायचं होतं. मी विचारलं नाही. शनिवार खराब करायचा नव्हता.

२३ मार्च, सोमवार

अजून काही कळलेलं नाही. मॉडेल बोर्डरूममध्येच. साहेब जिन्यात भेटले, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, तुमच्यामुळे फार सोपं झालं. काय सोपं झालं ते विचारणं बरं दिसलं नसतं.

पदाचं नाव काय असेल? 'प्रमुख, मटेरियल फ्लो' चांगलं वाटतं. मागच्या पानावर सही करून पाहिली. सहीत 'फ्लो' यायला हवा.

३० मार्च, सोमवार

कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावलं. तीनशे माणसं. पडद्यावर व्हिडिओ. माझा निळा शर्ट, माझे हात, डोकं नाही. डोकं कॅमेऱ्याने कापलं होतं. आवाज मात्र स्वच्छ. "आता हे गोडाऊन काढलं की बघा, गाडी कशी सुटते!"

मग साहेब त्यांच्या बारीक आवाजात बोलले. यापुढे माल थेट मशीन शॉपवर. हवा तेव्हा, हवा तेवढा. गोडाऊन विभाग या महिन्याअखेर बंद. ही कल्पना आपल्यातल्याच एका सहकाऱ्याची आहे, याचा मला अभिमान वाटतो.

लोक टाळ्या वाजवायला लागले, मग मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि थांबले.

ताई माझ्या शेजारी होत्या. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "आवाज तुमचाच होता ना?"

मी म्हटलं, ताई, ती उपमा होती.

त्या उठून गोडाऊनकडे गेल्या. सुट्टी होईपर्यंत रजिस्टरं पुरी करत बसल्या. आजच्या आवकीच्या नोंदीसुद्धा केल्या. मी दोनदा 'ताई' म्हणून हाक मारली. दुसऱ्या वेळी पैलवान म्हणाला, राहू द्या आता, साहेब. हाच पैलवान. मी त्याला खोकं दिलं होतं हातात.

३१ मार्च, मंगळवार

पत्र मिळालं. ताईंनाही. पैलवानला डिस्पॅचला टाकलं. माझ्या पत्रात एक ओळ जास्त आहे: 'आपल्या कल्पक सहकार्याबद्दल आभारी आहोत.'

केसाने गळा कापला! घरी येऊन, जमिनीवर मांडी घालून, माझ्या घरचा चहा पिऊन!

दगा देणाऱ्यांची नावं लिहून ठेवतो, म्हणजे विसरायला नको. साहेब. म्हातारे संचालक (माझा रिमोट घेऊन हसत होते). कॅमेरावाला. एचआरच्या मॅडम. ताई, कारण एवढ्या वर्षांचा सहवास आणि एकदाही म्हणाल्या नाहीत की तुमचं असं म्हणणं नसेल. पैलवान. ही, कारण हिला आधीच कळलं होतं आणि हिने ठामपणे अडवलं नाही. नुसतं 'तुम्ही कुठे बसता?' असं कोड्यात बोलायचं! हिरवं इंजिन. ते घसरलं असतं एकदा तर.

५ एप्रिल, रविवार

निश्चय: मॉडेल परत आणायचं. कंपनी त्यांची, कारखाना त्यांचा, पण ठोकळे माझे. एकेक ठोकळा माझा. परवा जातो. मान खाली घालायची नाही. साहेब समोर आले तर फक्त बघायचं.

७ एप्रिल, मंगळवार

गेलो. मॉडेल आता रिसेप्शनमध्ये, काचेच्या पेटीत. खाली पितळी पाटी, 'आमचा आधुनिक प्रकल्प'. गोडाऊनच्या जागी हिरवी प्लेट आणि दोन झाडं. झाडं माझीच, बेकरीसमोरची, मी गेटपाशी लावलेली.

रिसेप्शनवाली म्हणाली, घेऊन जा ना, तुमचंच आहे, फक्त गेटपास आणा. गेटवरचा वॉचमन म्हणाला, साहेब, पासशिवाय एक स्क्रू बाहेर जाऊ देत नाही, तुम्हीच शिकवलंय. म्हटलं, बरोबर, दे पास. त्याने पासबुक काढलं. पासवर सही लागते गोडाऊन इन्चार्जची. तसा नियम आहे. अकरा वर्षांपूर्वी मीच करून घेतला होता, सर्क्युलर काढून.

मी म्हटलं, आण, करतो सही. तो म्हणाला, तुम्ही आता नाही ना. मग कोण करणार? तो म्हणाला, कोणीच नाही, पदच नाही. आम्ही दोघांनी थोडा वेळ विचार केला. त्याने मला पाणी दिलं.

येताना गोडाऊन रिकामं केलेलं दिसलं. नुसत्या भिंती. साहेब दिसले नाहीत. दिसले असते तर बघितलं असतं.

१९ एप्रिल, रविवार

मागची खोली मोकळी. जमिनीवर हॉस्पिटल तेवढं उरलंय. मुलीला म्हटलं, तुझं टेबल आण परत. ती म्हणाली, असू दे बाबा, मला बाहेर सवय झालीय. हे बोलताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. टेबल शेवटी मीच आत आणलं. दारात अडकलं. अर्धं आत, अर्धं बाहेर, तसंच आहे.

नोकरीचे अर्ज: उद्यापासून. रोज पाच.

२६ एप्रिल, रविवार

अर्ज: एक. (अर्धा. फोटो सापडत नाही.)

ही दुकानातून आली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, ताईंना फोन केलात का? म्हटलं, मी का करू? दगा मला झालाय. ही म्हणाली, तुम्हाला साहेबांनी फसवलं, कबूल. पण ताईंना कोणी फसवलं?

मी म्हटलं, साहेबांनीच. ही गप्प बसली. ही अशी गप्प बसते ना, त्यापेक्षा भांडलेली परवडते. मग म्हणाली, मी केला होता फोन. त्या एका औषधांच्या दुकानात हिशोब लिहितात, अर्धा दिवस. तुमची चौकशी करत होत्या.

माझी चौकशी! म्हणजे मनात काही नाही. उद्या फोन करतो.

३ मे, रविवार

फोन केला नाही. नंबर सापडला. आता त्यांची जेवायची वेळ असेल.

१० मे, रविवार

आता झोपायची.

२५ मे, सोमवार. सकाळी ११

साहेबांचा फोन!!

उचलायचा नाही असं ठरलेलं होतं. दुसऱ्याच रिंगला उचलला गेला.

म्हणाले, कसे आहात, आठवण येते, जरा येऊन जाल का? थेट माल मागवण्याची पद्धत 'अजून स्थिरावते आहे.' पाहुणे यायचेत. शिवाय मॉडेलमध्ये छोटासा बदल हवाय. मी कोरडेपणाने विचारलं, कसला? म्हणाले, गोडाऊन परत बसवायचंय.

हिला दुकानात फोन करून सांगितलं. गिऱ्हाईक समोर असताना ही माझा फोन घेत नाही, आज घेतला. म्हणाली, नीट ऐकून या, मग ठरवा. म्हटलं, ठरवायचं काय? शरण आलेत!

२८ मे, गुरुवार

निळा शर्ट घातला. गेटवर छातीला 'पाहुणा' असा बिल्ला लावला. लावू दे, शेवटचाच.

आतलं दृश्य लिहिण्यासारखं. खोकी. खोक्यांवर खोकी. मशीन शॉपच्या वाटेत, जिन्याखाली, कँटीनच्या दारात. रिसेप्शनवाली मोटरींच्या ढिगाआडून नुसती कपाळापर्यंत दिसते. माल हवा तेव्हा येत नव्हता म्हणून त्यांनी आधीच मागवला, आणि तो सगळा एकदम आला. मी फक्त एका खोक्याला वळसा घालताना जरा जास्त मोठा वळसा घातला.

साहेबांनी हात मिळवला. हात ओला होता. पिशवीतून गोडाऊन काढलं, काचपेटी उघडली, झाडं उपटली, बसवलं. टक्. आतली खुर्ची बोटाने सरळ करून मी सहज विचारलं, मी सोमवारपासून येऊ?

साहेब म्हणाले, तुम्ही आजच करून टाका ना, एवढंसं तर काम. मग म्हणाले, इन्चार्ज म्हणून ताई येतायत सोमवारपासून. आम्ही सगळ्यांना विचारलं, अमुक वस्तू कुठे आहे ते कोणाला विचारायचं? सगळ्यांनी एकच नाव सांगितलं.

तेवढ्यात ताई आल्याच. पत्र घ्यायला आल्या होत्या. मला बघून थांबल्या. केस जरा पिकलेत. मी म्हटलं, अभिनंदन. त्या म्हणाल्या, घरी सगळे बरे? मग पेटीत वाकून त्यांनी मॉडेल पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघितलं. बराच वेळ. गोडाऊनच्या पुढच्या भिंतीवर बोट ठेवून म्हणाल्या, "दार इकडून करा. खऱ्या गोडाऊनच्या भिंतीतही इकडूनच करायला सांगितलंय मी."

चार ठोकळे काढले, दार पुढे घेतलं, रूळ जोडले. हिरवं इंजिन सोडलं. गाडी गेटातून आली, सरळ गोडाऊनच्या आतून गेली, पुढच्या पुढे मशीन शॉपला. उलटी येणं नाही, सांधा नाही. साहेबांनी घड्याळ लावलं नव्हतं. मी मनात मोजत होतो. सव्वा मिनिटाच्या आत.

म्हणजे काढायची गरजच नव्हती.

ताई म्हणाल्या, हं, असं. आणि पत्र घ्यायला वर गेल्या. त्यांनी 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. निदान भांडता आलं असतं. सांगितलं होतं का त्यांनी? आठवत नाही. त्या बोलायच्या खऱ्या काहीतरी, दाराबिराचं. मी तेव्हा कामात असायचो.

८ जून, सोमवार

आठ दिवस विचार केला. माणसाने मोठेपणा दाखवायला हवा. ताईंना नव्या जबाबदारीत अनुभवी माणसाची गरज पडणार, त्या संकोचाने विचारणार नाहीत. गोडाऊनला एक कारकून घ्यायचाय असं वॉचमनकडून कळलं. (आमचं बोलणं होतं.) स्वतःहून गेलो.

ताईंनी उठून खुर्ची दिली. नव्या दारातून छान उजेड येत होता. म्हटलं, ताई, तुमची जुनी जागा मला चालेल. त्यांनी अर्ज पुढे केला. भरला. 'कामाचा अनुभव' या रकान्यात 'बावीस वर्षं' लिहिलं. 'येणारी कामं' या रकान्यापाशी पेन जरा थांबलं. पर्यवेक्षण लिहिलं.

मग म्हटलं, ताई, त्या दिवशीचं. त्या म्हणाल्या, हं? मी म्हटलं, आवाज माझाच होता. त्यांनी अर्जावर पेपरवेट ठेवला, बराच वेळ तो फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "एकोणीस वर्षं ऐकतेय मी तो. ओळखणार नाही?"

निघताना म्हणाल्या, कळवते.

हिला सांगितलं. ही म्हणाली, 'कळवते' म्हणजे काय समजायचं? हिला बारकावे कळत नाहीत. 'कळवू' म्हणाल्या नाहीत. 'कळवू' म्हणजे नाही. 'कळवते' म्हणजे स्वतः कळवणार. फरक आहे.

१४ जून, रविवार

फोन नाही. ताई जागेवर नवीन आहेत, कामाचा ताण असणार.

२१ जून, रविवार. सकाळी ९.१५

ताईंचा फोन आला. स्वतः केला. फरक होता, मी म्हटलं होतं.

जागा पैलवानला दिली. आता चिठ्ठ्या तोच लिहिणार, अक्षरही बरं आहे म्हणे त्याचं. मी म्हटलं, ताई, पण तो हमाल आहे. त्या म्हणाल्या, त्याला कुठली वस्तू कुठे असते ते डोळे मिटून माहीत आहे. मी म्हटलं, मलाही आहे.

त्यांनी विचारलं, "पाऊण इंची गास्केट कुठे असायची?"

मी क्षणभरही थांबलो नाही. खिडकीखालचं रॅक, वरून तिसरा कप्पा.

 मग त्या हळूच म्हणाल्या, "तिथे तुमचे ठोकळ्यांचे डबे असायचे, साहेब."

साहेब म्हणाल्या. अजून साहेबच म्हणतात.